पाइपातला ठोका

३ एप्रिल

मेलविना अरमिंडा फॉगो, तुझ्या पश्चात ही रोजनिशी मी आजपासून पुन्हा सुरू करीत आहे. तुला पत्र लिहिण्याचा हेतू नाही. मृतांना पत्रे लिहिणाऱ्या माणसांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. नोंदीला काही मथळा हवा, म्हणून तुझे नाव वर घातले, इतकेच.

नोंद अशी. आज पहाटे सहाच्या सुमारास स्वयंपाकघरातील पाइपात पुन्हा धाडकन ठोका वाजला. भिंत हादरली, आणि खुंटीवरचा तुझा निळा कप किणकिणला. तू होतीस तेव्हाही हा ठोका रोज वाजत असे. मी समजत असे, की तू उठून किटली भरलीस आणि नळ हिसका देऊन बंद केलास. आता तू नाहीस, किटली कोरडी आहे, आणि ठोका मात्र वेळेवर वाजतो. सबब दोष पाइपांचा आहे. तुला निर्दोष ठरविण्यात येत आहे.

६ एप्रिल

आपली कन्या डेलिया आणि जावई क्वेंटिन जेवायला आले. जेवण त्यांनीच आणले होते. डेलिया म्हणाली, की "डॅडी, हे घर रोज पहाटे तोफ डागतं. एक दिवस पाइप फुटेल, आणि तुम्ही मोजे घालेपर्यंत घराचं तळं होईल. गुमान आमच्याकडे सॉमरसेटला चला."

सॉमरसेट! बर्म्युडा बेटाच्या त्या टोकाला! दर वर्षी कप मॅचच्या दोन दिवसांत जे आमच्या सेंट जॉर्जेसशी क्रिकेट खेळतात, आणि जिंकले तर वर्षभर जगू देत नाहीत, त्यांच्यात जाऊन राहायचे! क्वेंटिनने हसत हसत मला त्यांची लाल-निळी टोपी भेट दिली. मी ती कांद्यांच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवली आहे.

अखेर तह झाला. चोवीस मेच्या सुट्टीपर्यंत ठोका बंद करून दाखवायचा आणि घर एकट्याने सांभाळता येते हे सिद्ध करायचे. जमले, तर डेलिया सॉमरसेटचे नाव काढणार नाही. न जमल्यास मी निमूटपणे जाणार. मी लगेच मान्य केले. बंदरावरच्या जकात खात्यात हयात घालविलेल्या माणसाला एका पाइपाने हरवावे, हे संभवत नाही.

८ एप्रिल

ग्रंथालयातून पुस्तक आणले. या प्रकाराला 'जलाघात' म्हणतात. पाणी पाइपातून धावत असते; नळ एकाएकी मिटला, की ते धावते पाणी बंद दारावर आपटावे तसे आपटते. पहिला उपाय: नळ सावकाश बंद करणे. प्रत्येक नळावर सूचना चिकटविली आहे: 'कृपया सावकाश बंद करावा. आज्ञेवरून, क. फॉगो.' घरात मी एकटाच असल्याने अंमलबजावणीत अडचण येऊ नये.

९ एप्रिल

काल संध्याकाळपासून एकाही नळाला हात लावला नाही. दातदेखील तांब्यातल्या पाण्याने घासले. पहाटे ठोका वाजलाच. नळ बंद करणारा कोणी नसताना नळ बंद केल्याचा धक्का बसतो, असे पुस्तकात कोठेही नाही. लेखक परदेशी आहे. त्याला बर्म्युडाचा अनुभव नसावा.

१२ एप्रिल

प्लंबर नॉर्बर्टो फुर्ताडो येऊन गेला. त्याने पाइपाकडे पाहिले नाही, छताकडे पाहिले. मग विचारले, की "मिस मेल तुम्हाला काही बोलल्या नव्हत्या का?" मी सांगितले, की माझ्या पत्नीला नळकामाविषयी काहीही मते नव्हती. त्याला बराच वेळ खोकला आला.

शेवटी म्हणाला, की "मिस्टर फॉगो, पाणी येतंय ना? मग आवाज करत आलं तर करत येऊ दे की. माझा सासरा तर बोलतच येतो, आणि काही घेऊनही येत नाही." असल्या माणसाकडून शास्त्रीय काम होणे नाही. काम मी स्वतः करीन.

गुड फ्रायडे

आजच्या प्रथेप्रमाणे गावाने उडविलेल्या पतंगांनी सारे आकाश गुणगुणत होते. मी सिंकखाली होतो.

दुसरा उपाय असा. नळाच्या मागे टोक बंद केलेला एक उभा पाइप बसवावा. त्यातली हवा उशीसारखी धक्का झेलते. मी तो नीट बसविला. दिसायला बोटीच्या धुराड्यासारखा दिसतो. दुपारी शेजारच्या मिस हायसिंथ पिचर कॉड माशाचे गरम वडे पावात घालून घेऊन आल्या. धुराड्याकडे पाहून म्हणाल्या, की "हे कुठं निघालं, न्यूयॉर्कला?" मी वडे ठेवून घेतले.

१९ एप्रिल

धुराडे बसविल्यापासून ठोका 'धाड'ऐवजी 'ढप्' असा येत होता. आज पुन्हा 'धाड'. आतली हवा पाण्यात विरून गेली असावी. तत्त्व बरोबर होते. हवा टिकाऊ निघाली नाही.

२५ एप्रिल

पावसाचा पत्ता नाही. छप्पर पांढरे स्वच्छ आहे, पन्हळ स्वच्छ आहे. छपरावरून घराखालच्या टाकीत उतरायला थेंब नाही. गावात जो तो पाण्याच्या ट्रकसाठी रांग लावून आहे. आज मिस पिचर यांच्याकडे ट्रक आला. या हंगामातला हा दुसरा. एकट्या बाईला एवढे पाणी कशाला लागते, हे मला आजवर उमगलेले नाही. आपल्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांखेरीज ट्रक आल्याचे स्मरत नाही. याला काटकसर म्हणतात. टाकीतले पाणी नळाला चढविणारा आपला पंपसुद्धा दिवसचे दिवस आवाज करीत नाही, इतक्या उत्तम स्थितीत मी तो ठेवला आहे.

कुंपणावरून मी त्यांना शेजारधर्म म्हणून चार गोष्टी सांगितल्या. तोंड धुताना पेला वापरावा. भांडी साठवून घासावीत. त्या आभाळाकडे पाहत म्हणाल्या, की "हो का, मिस्टर फॉगो? तुम्ही होतात म्हणून कळलं हो! नाहीतर मेली असते मी तहानेनं." कृतज्ञता व्यक्त करण्याची त्यांची पद्धत जरा राकट आहे.

टाकीची पातळी मी तुझ्या अखेरच्या सांगण्यावरून धरतो. तू म्हणाली होतीस, "भरपूर आहे. तुम्ही नका वाकू." टाकीचे झाकण उघडून पाहता आले असते. पण झाकणावर तुझे शिवणयंत्र आहे, आणि ते हलविण्याची आवश्यकता भासलेली नाही.

२ मे

कालचा तिसरा उपाय. पंपाशेजारी हवेची जी गोल टाकी असते, तिच्यातली हवा कमी झाल्यास धक्के बसतात, असे पुस्तक म्हणते. सायकलच्या पंपाने हवा भरली. पुस्तकात किती ते दिले होते. मी खबरदारी म्हणून थोडी अधिक भरली. परिणामी संध्याकाळी शॉवर आधी रुसला, मग चवताळला, आणि त्याची चाळणी माझ्या खांद्यावर येऊन बसली. दुखापत किरकोळ. हवा पुन्हा सोडली.

पहाटे ठोका. कपाची किणकिण.

७ मे

चौथा उपाय: सैल पाइप भिंतीला पट्ट्यांनी जखडणे. त्यासाठी सिंकखाली थेट मागच्या भिंतीपर्यंत सरपटत जावे लागले. चर्चहून परतल्यामुळे अंगावर बर्म्युडाचा रीतसर पोशाख होता: कोट, टाय, अर्धी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे. मोज्यांची आता आशा नाही.

परंतु शोध लागला. मैद्याच्या डब्यामागे, जेथे माझा हात जाण्याचे कधी कारण नव्हते, तेथे एक तिसरा पाइप आहे. आपल्या मुख्य पाइपातून निघतो, भिंतीतून बाहेर पडतो आणि बोगनवेलीखालून सरळ मिस पिचर यांच्या घराकडे जातो.

आगबोटीच्या दुहेरी तळातून मद्याच्या बाटल्या काढल्या तेव्हाही मला इतका धक्का बसला नव्हता. दोन घरांमध्ये एक पाइप, आणि त्याची कोठेही वर्दी नाही! झारीतला शुक्राचार्य सापडला. आपले पाणी चोरीला जात होते, मेलविना. तुझ्या मैद्याच्या डब्याआडून.

तसाच उठून गेलो. बर्म्युडात चोराला पकडायचे असले, तरी आधी गुड मॉर्निंग म्हणावे लागते. ते मी म्हटले. त्याही म्हणाल्या. मग मी पाइपाविषयी विचारले. त्या वाटाणे सोलीत होत्या. म्हणाल्या, की "ते मेलनं करून घेतलंय. तिलाच विचारा." मी म्हटले, हे शक्य नाही, हे आपण जाणता. त्या म्हणाल्या, की "मग मला तरी कशाला विचारता? मी तिला शब्द दिलाय."

तुला विचारता येत नाही, म्हणून तुझ्या नावावर खपविण्याचा हा प्रकार किती नीच! आपल्या घराच्या जादा किल्ल्या त्यांच्या दाराआडच्या खुंटीवर तू टांगून ठेवल्या होत्यास. त्या मी तत्काळ परत मागितल्या. त्यांनी हात पुसून काढून दिल्या. म्हणाल्या, की "घ्या. पण मिस्टर फॉगो, रागाच्या भरात तो पाइप तेवढा कापू नका." चोराने चोरवाट बंद करू नका म्हणावे!

८ मे

पाइप कापला.

तपशील नोंदणे आवश्यक आहे. करवत आरपार जाताच पाण्याचा फवारा उसळून थेट माझ्या तोंडावर आला. विशेष असे, की फवारा आपल्या बाजूच्या तोंडातून नव्हे, त्यांच्या बाजूच्या तोंडातून येत होता. आपले नेलेले पाणी आपल्याकडे परत येऊ पाहत होते, असा याचा अर्थ मी लावतो. मिस पिचर कुंपणापलीकडून ओरडल्या, की "अहो, थांबा, व्हॉल्व्ह बंद करते!" आणि धावल्या. गुन्हेगाराला आपला व्हॉल्व्ह कोठे आहे हे नेमके ठाऊक असते.

दोन्ही तोंडांना बुचे बसविली. भिंतीतले भोक सिमेंटने भरले. काम नीट झाले आहे.

९ मे

ठोका वाजला नाही.

पुन्हा लिहितो. ठोका वाजला नाही. जाग आली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

१४ मे

आजही ठोका नाही. कप गप्प आहे. सलग सारे दिवस उशिरा जाग आली, आणि आज चर्च चुकले. पाळकांनी फोन करून प्रकृती विचारली. मी सांगितले, की निर्विघ्न झोप हे घर सुस्थितीत असल्याचे लक्षण होय. न्याहारी होत नाही. उठेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. मग जेवणही लांबते. दाढी एक दिवसाआड पुरते, असे आढळून आले आहे.

डेलियाला फोन करून विजय कळविला. चोवीस तारखेला उभयतांना जेवायला बोलाविले आहे. ती म्हणाली, की "डॅडी, तुमचा आवाज असा का येतोय? आत्ता उठलात का?" संध्याकाळचे चार वाजले होते. मी विषय बदलला.

१७ मे

पंप आता वरचेवर चालतो. इतकी वर्षे तो मुका होता. चोरी थांबल्यावर त्याला काम करण्याची उमेद आली, हे उघड आहे.

२१ मे

नळातून पाण्याबरोबर हवा येऊ लागली आहे. नळ खोकतो, थुंकतो, मग थोडे पाणी देतो. हवा हाच जलाघातावरचा उतारा असल्याने यंत्रणा स्वतःच स्वतःला बरी करीत आहे, असे अनुमान निघते.

२३ मे

पंप दुपारभर गुरगुरला, आणि जळका वास देऊन थांबला. विश्रांती घेत असावा. उद्याच्या जेवणासाठी बटाटे सोलून ठेवले. ते धुता आले नाहीत.

२४ मे

सुट्टी. सारे गाव वर्षातल्या पहिल्या पोहण्यासाठी समुद्रावर गेले होते. बेटाला चोहीकडून पाण्याचा वेढा, आणि आपल्या घरात हात धुवायला थेंब नाही.

डेलिया आली. तिने नळ फिरविला. नळाने एक उसासा टाकला. तिने माझी दाढी पाहिली, मातीसकट सोललेले बटाटे पाहिले, आणि काही बोलली नाही. हे वाईट लक्षण आहे. ती तुझ्यासारखी आहे. बोलते तोवर भीती नसते.

क्वेंटिन म्हणाला, की "टाकी बघायची का?" मी काही म्हणण्यापूर्वीच त्याने तुझे शिवणयंत्र उचलून बाजूला ठेवले. ते सहज उचलले गेले. झाकण उघडून त्याने बांबूची काठी आत सोडली. काठी कोरडी वर आली. त्याने विजेरी धरली. तळाच्या वीतभर वर, भिंतीत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, भेग गेलेली आहे. भेग जुनी आहे. तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. डास होऊ नयेत म्हणून टाकीत सोडलेला आपला सोनेरी मासा, ॲडमिरल, कोठेही नव्हता. त्याचा सांगाडाही नव्हता.

डेलिया शेजारी गेली आणि मिस पिचर यांना घेऊन आली. त्या दारातूनच म्हणाल्या, की "गुड मॉर्निंग. आता शब्द मोडायला हरकत नाही ना?" मग उभ्या उभ्याच सारे सांगितले. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात टाकी तडकली. आपला पाऊस छपरावरून येतो आणि खालच्या खडकात मुरून जातो; भेगेखाली उरते तेवढेच. तुला ते कळले. तू नॉर्बर्टोला बोलावून त्यांच्या पंपाचा पाइप आपल्या घरात आणविलास. त्यांच्या पंपाचा जोर अधिक, म्हणून आपला पंप मुका. पाणी आपल्याकडून त्यांच्याकडे कधी गेलेच नाही. जे आले, ते त्यांच्याकडून आपल्याकडे आले. त्यांचे ट्रक दोन घरांसाठी येत होते.

मी विचारले, की मला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, की "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी कोट-टाय घालून टाकीत उतरला असतात गिलावा करायला. मेल म्हणाली, 'टाकीपायी नवरा घालवायचा नाही मला. त्याला वाटू दे आपली टाकी भरलीय. त्याचं पोट त्यानंच भरतं.'"

क्वेंटिन खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. मी ते दुःख समजलो. मग हसण्याचा आवाज आला.

मी मासा कोठे आहे ते विचारले.

तो त्यांच्या टाकीत आहे. तू नेऊन सोडलास. धष्टपुष्ट आहे, म्हणतात.

२६ मे

मेलविना अरमिंडा फॉगो.

मला जे म्हणायचे आहे, ते मी संयमाने म्हणतो. तू माझा केसाने गळा कापलास. मी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून लोकांना काटकसर शिकविली, आणि तू शेजारी हातमोजे घालून उभी राहिलीस. मी म्हणे, "आमच्याकडे कधी ट्रक येत नाही," आणि तू म्हणायचीस, "कथबर्टचं फार लक्ष असतं हो." नॉर्बर्टोला ठाऊक होते. मिस पिचर यांना ठाऊक होते. नाताळातल्या कसावा कंदाच्या पाईचा मोठा वाटा नेहमी त्यांच्याकडे का जातो, असे मी विचारले, तेव्हा तू म्हणालीस, की त्यांचा ओव्हन लहान आहे. ओव्हन! मासासुद्धा फितूर झाला. साऱ्या बेटावर एका माणसाच्या डोळ्यांना पट्टी होती, आणि ती बांधणारीचा हात धरून मी झोपत होतो.

जकात खात्यात मला कोणी फसवू शकत नाही, अशी ख्याती होती. आता वाटते, घरी जाऊन कोणी विचारले नाही, म्हणून ती टिकली.

डेलियाशी झालेला तह मला बंधनकारक आहे. सामान भरण्यास आरंभ केला.

२ जून

मिस पिचर पाण्याची बादली घेऊन आल्या. ती रोज कुंपणाशी ठेवलेली असते. आज हातात दिली. म्हणाल्या, की "नॉर्बर्टोला बोलावते. तासाभराचं काम. पाइप जोडला, की राहा इथंच. सॉमरसेटात काय करणार तुम्ही, कप मॅचला पलंगाखाली बसणार?"

मी आभार मानले आणि नकार दिला. अजाणता घेतलेला माल वेगळा, जाणून घेतलेला वेगळा. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी पुन्हा विचारावे, इतका अवधी मी दिला. त्यांनी बोगनवेलीची वाळकी फुले खुडली.

मग मी ठोक्याविषयी विचारले. पाणी कोणाचे, ते कळले. पण पहाटे सहाला नळ आपटत कोण होते?

त्या म्हणाल्या, की "आधी मेल. रोज पहाटे यायची माझ्याकडे. किटली माझ्याच नळाखाली भरायची, नळ असा आपटून मिटायची, आणि तुमच्या घराकडे कान लावायची. तिकडे धाड वाजलं, की म्हणायची, 'उठले बघ साहेब.' मग आम्ही चहा प्यायचो."

मी म्हटले, की ती गेल्यानंतरही ठोका वाजत होता.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला उठवणार कोण? तिला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सहा वाजले, तुमच्याकडं काही हालचाल नाही. म्हटलं, आपटावा नळ. तुमचा पडदा सरकला. मग रोज आपटला. मनगट दुखतंय माझं तेव्हापासून."

मी बादली आत नेली.

५ जून

आज सॉमरसेटला निघायचे, म्हणून डेलियाने मला उठवायला पहाटेच फोन केला. त्याची गरज नव्हती.

सहाला मिस पिचर यांच्याकडे गेलो. गुड मॉर्निंग झाले. त्यांनी टाकीचे झाकण उघडून ॲडमिरल दाखविला. त्याने मला ओळखले नाही. नंतर त्यांनी किटली नळाखाली धरली, आणि भरल्यावर बाजूला सरकल्या.

नळ मी बंद केला. तू करीत असशील तसा, मनगटाला हिसका देऊन. त्यांच्या सिंकखाली पाइप थरथरला.

मग आम्ही दोघे खिडकीशी उभे राहून कुंपणापलीकडे कान लावला.

आपल्या घरातून काहीही आवाज आला नाही. बूच घट्ट बसले आहे, सिमेंट उत्तम धरले आहे, कोठेही गळती नाही. जलाघात पूर्णपणे थांबविण्यात आलेला आहे.

मिस पिचर यांनी दोन कपांत चहा ओतला. एक तुझा निळा होता. तो मी सोबत नेला होता आणि तेथेच ठेवला. सॉमरसेटला त्याच्यासाठी खुंटी नाही.

क्वेंटिनने गाडीचा भोंगा वाजविला. लाल-निळी टोपी कांद्यांसकट डिकीत आहे. पावसाळी दिवस येण्याआधी टाकीची दुरुस्ती हाती घेईन, असे मी मिस पिचर यांना सांगितले. त्या म्हणाल्या, की "हो, हो. कोट घालून या."

दाराला कुलूप लावले. किल्ल्या त्यांना परत दिल्या.